पाठीमागचा आवाज

स्पीकरचा कोन, म्हणजे त्यातला हलणारा शंकू, पुढे जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो. पुढचा आवाज ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतो. मागच्याचे काय करायचे हे खोका बनवणाऱ्याने ठरवायचे असते, आणि या कामातले बहुतेक वाद याच प्रश्नापाशी येऊन अडतात. वसईतल्या सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत एका भिंतीपलीकडे पत्रा वाकवतात, दुसरीपलीकडे प्लास्टिकचे साचे चालतात, समोर फर्निचरसाठी प्लाय कापला जातो. अशा ठिकाणी तीन-चार इंची फुल-रेंज स्पीकरसाठी ट्रान्समिशन लाइन पद्धतीचे खोके बनवताना माझे एक मत पक्के होत गेले. खोक्याच्या आत घडी घालून बसवलेली ही लांब नळी म्हणजे बेस वाढवण्याची युक्ती, असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते तिचे पहिले काम मागचा आवाज गिळण्याचे आहे. खर्ज ती देते, पण ते तिचे दुसरे काम. खोक्याचे प्रत्येक माप या क्रमावर ठरते. क्रम उलटा धरला, तर चांगल्या स्पीकरचाही घुमणारा डबा होतो.

नळीतली हवा स्वतःच्या सुरावर गाते हे तत्त्व बासरी-सनईइतके जुने आहे. एक टोक बंद आणि दुसरे उघडे असलेल्या नळीत हवेचा सर्वांत खालचा सूर असा असतो, की त्याची पाव लहर नळीच्या लांबीत बसते. स्पीकर बंद टोकाजवळ बसवला की त्या सुराच्या आसपास नळीचे उघडे तोंड बोलू लागते, आणि कोन स्वतः फार न हलताही खालचा आवाज मिळतो. अमेरिकेत स्ट्रॉमबर्ग-कार्लसन कंपनीच्या बेंजामिन ओल्नी यांनी १९३० च्या दशकात रेडिओच्या पेटीत असा चक्रव्यूह बसवला, तेव्हा पेटीतली घुमघूम घालवणे हा त्यांचा एक मुख्य हेतू होता. १९६५ साली ब्रॅडफर्डच्या आर्थर बेली यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लांब धाग्याच्या लोकरीने भरलेली नळी मांडली. त्या लेखाच्या मथळ्यातच हा खोका न घुमणारा असल्याचे सांगितले होते. बेस वाढवतो असा तो मथळा नव्हता, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पुढे ब्रॅडबरी यांनी १९७६ मध्ये तंतुमय भरणीतून आवाज कसा मंदावतो याचे गणित केले. २००० च्या सुमारास ऑग्स्पर्गर आणि मार्टिन किंग यांनी अशा नळ्यांचे वागणे संगणकावर आधीच काढून दाखवले. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षे हे काम अंदाजपंचे चालत होते. नळीची बदनामी झाली ती बरीचशी त्या काळात.

नाव ट्रान्समिशन लाइन असले तरी खरी आदर्श लाइन अनंत लांब असावी लागते. आत गेलेला आवाज तिच्यातून परत येत नाही. घरात ठेवायची नळी दीड मीटरच्या आतबाहेर असते, त्यामुळे ती अर्धी शोषक आणि अर्धी वाद्य असते. वरचे सूर तिच्यातल्या भरणीत विरतात, आणि तळाचे सूर तोंडापर्यंत पोहोचून बाहेर येतात. ही विभागणी कुठे करायची, हाच आराखड्याचा गाभा आहे. भरणी घट्ट केली तर नळी गप्प होते, पण खर्ज जातो. सैल सोडली तर खर्ज मिळतो, आणि सोबत नळीचे स्वतःचे नको ते सूरही गाऊ लागतात.

मागचा आवाज गिळणे फुल-रेंज स्पीकरलाच इतके का जरुरीचे, याचे कारण कोनाच्या कागदात आहे. दोन स्पीकरांच्या खोक्यात वूफरकडे फक्त खालचा भाग जातो, वरचा भाग क्रॉसओव्हर तोडतो, आणि ट्वीटर मागून बंद असतो. फुल-रेंजमध्ये गायकाचा आवाज, तानपुरा, हार्मोनियम आणि डग्गा हे सगळे एकाच पातळ कागदावर असतात. तो कागद हलका असावा लागतो, नाहीतर वरचे सूर निघणारच नाहीत. हलका कागद आवाज अडवूही शकत नाही. मागे गेलेला आवाज मागच्या फळीवर आपटतो, परत येतो आणि कोनातूनच पुढे झिरपतो. फळी २० सेंटिमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० सेंटिमीटरचे अंतर होते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर धरला, तर १ मिलिसेकंदापेक्षा किंचित जास्त वेळात शिळा आवाज ताज्या आवाजात मिसळतो. कान त्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ओळखत नाही. गायकाने तोंडापुढे हात धरला आहे, एवढे मात्र जाणवते.

आकडे बोलके आहेत. २० सेंटिमीटर खोल खोक्यात समोरासमोरच्या फळ्यांमधली पहिली उभी लहर ८६५ हर्ट्झला बसते, आणि उंची ३० सेंटिमीटर असेल तर दुसरी ५७७ ला. हा प्रदेश स्वर-उच्चारांचा. 'आ' आणि 'ओ' यांतला फरक कानाला याच परिसरात कळतो. फळ्यांना आतून दोन इंच फोम लावला की काम झाले, असे बरेच जण समजतात. ८६५ हर्ट्झची पाव लहर मात्र १० सेंटिमीटरची आहे. फळीला लागून हवा जवळजवळ हलतच नाही, आणि तंतुमय भरणी तर हलणाऱ्या हवेलाच अडवते. म्हणून पाच सेंटिमीटरचा थर नेमक्या या सुरांना फारसे आवरत नाही. भरणी फळीपासून दूर, मोकळ्या वाटेत आडवी हवी आणि आवाजाला तिच्यातून लांब प्रवास करायला लागला पाहिजे. नळी हेच करते. सव्वा मीटरच्या वाटेतला दोन तृतीयांश भाग तंतूंनी भरलेला असेल, तर मधल्या सुरांचा आवाज तोंडापर्यंत पोहोचण्याआधीच थकतो. परत फिरलाच तर तीच वाट पुन्हा तुडवून कोनाकडे यावे लागते.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हा मुद्दा पाश्चात्त्य ऐकणाऱ्यापेक्षा जास्त लागू आहे, आणि त्याचा पुरावा तानपुऱ्यात आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवले, की जवारीच्या रुंद, किंचित उतरत्या घोडीमुळे तार कुठेही छेडली तरी तिचे सगळे स्वरांश उमटतात. साध्या घोडीवर तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर स्थिर असणारे स्वरांश गायब व्हायला हवेत, पण इथे तसे होत नाही. त्याच्या आधी, १९२० मध्ये, तबला-मृदंगाच्या शाईमुळे चामड्याचे स्वरांश सुरेल पटीत बसतात हेही त्यांनी मांडले होते. म्हणजे आपल्या संगीताची ओळख मूळ सुरापेक्षा त्यावरच्या स्वरांशांच्या झालरीत अधिक आहे. जवारी खुलली की नाही हे कान चारशे-पाचशे हर्ट्झपासून वरच्या प्रदेशात ओळखतो. खोक्याने तिथे स्वतःचे दोन-तीन सूर मिसळले तर जवारी बसल्यासारखी वाटते, आणि वादकाचा दोष नसताना तानपुरा मंद ऐकू येतो.

मिरजेच्या तानपुरा-कारागिरांची आणि आमची कामे एकमेकांच्या नेमकी उलट आहेत, हे मला नेहमी जाणवते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडून, सुकवून, त्यावर लाकडाची तबली चढवून ते असा पोकळ डबा करतात की तो तारेबरोबर गाईल. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या गाणाऱ्या डब्याच्या कारागिरीला. स्पीकरचा खोका मात्र गाता कामा नये. भोपळ्याने जे गायचे ते रेकॉर्डिंगमध्ये आधीच गाऊन झालेले असते. त्यावर आमच्या प्लायने पुन्हा गाणे म्हणजे एका तानपुऱ्यावर दुसरा बेसूर तानपुरा ठेवणे. लाकूड जिवंत असते, खोकाही वाद्यासारखा बोलला पाहिजे, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. हा विचार भावनेला पटणारा असला तरी तो कारागिरीचा प्रदेश चुकवतो.

आता खर्जाकडे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झ. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ ते ११७ च्या दरम्यान. डग्ग्याचा घुमारा शंभरच्या आसपास फिरतो. घरच्या बैठकीतल्या संगीताची जमीन ही अशी सत्तरच्या आसपास आहे. ६५ हर्ट्झसाठी पाव लहरीची लांबी १.३३ मीटर निघते. उघड्या तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीचाच भाग होऊन हलते, म्हणून प्रत्यक्ष लांबी तीन-चार सेंटिमीटर कमी पुरते. नळी तोंडाकडे निमुळती केली तर आणखी आखूड चालते. एक घडी घातली की पाऊण मीटरच्या आतल्या उंचीचा अरुंद खोका होतो, आणि आठ बाय चारच्या एका शीटमधून जोडी निघून माल उरतो. कोणी चाळीस हर्ट्झची लाइन मागितली, तर मी कोनाचा हिशेब पुढे ठेवतो. चार इंची स्पीकरच्या कोनाचे क्षेत्रफळ साधारण ५५ चौरस सेंटिमीटर. तो एका बाजूला ३ मिलिमीटर हलला, तर ५० हर्ट्झला मोकळ्या जागेत एक मीटरवर तो एकटा सुमारे ७५ डेसिबल देतो. जमिनीचा आधार मिळाला तर ८१. सूर एक सप्तक खाली गेला की त्याच आवाजासाठी कोनाला चौपट हलावे लागते. नळीचे तोंड ठरलेल्या सुराजवळ मोठा भार उचलते हे खरे, पण त्या सुराच्या खाली ते कोनाविरुद्ध वागू लागते आणि कोन निराधार होतो. तीन-चार इंचांच्या कागदाकडून चाळीस हर्ट्झ मागणे म्हणजे त्याला फाटायला लावणे आहे.

खर्ज कुठे थांबवायचा याचे दुसरे कारण खोलीत आहे. वसई-विरारच्या वन-बीएचके घरांत दहा बाय दहा, दहा बाय बाराच्या खोल्या असतात. भिंती काँक्रीट-विटांच्या, खाली टाइल्स, आणि उंची नऊ-सव्वानऊ फूट. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये खोलीचा स्वतःचा सूर ५७ हर्ट्झला बसतो, छत आणि फरशीमध्ये ६२ च्या जवळ, बारा फुटांमध्ये ४७ ला. म्हणजे पंचेचाळीस ते पासष्टच्या पट्ट्यात खोली आपणहून दोन-तीन ठिकाणी आवाज उचलते. खोका नेमका तिथेच जोरात बोलणारा बनवला, तर तबल्याच्या प्रत्येक 'घे'मागे घरभर ओढलेला हुंकार राहतो आणि शेजारच्या भिंतीपर्यंत जातो. आमची नळी भरणीमुळे या प्रदेशात हळूहळू उतरत जाते, खोली तिला हळूहळू वर उचलते, आणि दोघींची बेरीज सपाटीच्या जवळ येते. अरुंद खोक्याचा एक तोटाही इथेच भरून निघतो. साडेचौदा सेंटिमीटर रुंदीच्या दर्शनी फळीवर ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज खोक्याभोवती वळून मागे जाऊ लागतो, आणि समोरच्याला तो उत्तरोत्तर कमी, शेवटी सहा डेसिबलपर्यंत कमी मिळतो. आपल्या घरांत स्पीकर भिंतीला लागूनच ठेवावा लागतो. तीच भिंत यातला बराचसा भाग परत करते. मोठ्या दिवाणखान्यात खोका भिंतीपासून चार फूट पुढे ठेवणार असाल, तर मात्र तारेत कॉइल आणि रेझिस्टर घालून वरचा आवाज थोडा खाली आणावा लागतो, आणि तेवढी संवेदनशीलता गमवावी लागते.

सगळ्यात वजनदार आक्षेप बास-रिफ्लेक्सवाल्यांचा आहे. नळीला लागतात तेच तेरा-साडेतेरा लिटर, किंबहुना त्याचे निम्मे, एका साध्या खोक्यात घ्या, एक पाइप बसवा, आणि तेवढाच खर्ज निम्म्या लाकडात आणि निम्म्या मेहनतीत मिळतो. मग ही घडी कशाला? खर्जापुरता हा आक्षेप खरा आहे आणि तो मी मान्य करतो. संगणकावर दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवले तर खालच्या टोकाला नळीची श्रेष्ठता दिसत नाही. कित्येकदा रिफ्लेक्सच पुढे असतो. पण रिफ्लेक्सचा पाइप चालण्यासाठी खोक्यातली हवा मोकळी ठेवावी लागते. भरणी जास्त झाली की पाइप मरतो. म्हणजे जो खोका खर्ज देतो त्याला मधले सूर गिळण्याची मुभाच नसते. वर पाइप स्वतः तेरा सेंटिमीटर लांब असेल तर त्याचा बासरीसारखा सूर हजार ते तेराशे हर्ट्झच्या दरम्यान वाजतो आणि आतला गोंगाट थेट बाहेर सोडतो. वूफरसाठी हे त्यातल्या त्यात चालून जाते, कारण क्रॉसओव्हरने वरचा बराचसा प्रदेश काढून घेतलेला असतो. फुल-रेंजसाठी चालत नाही. म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. दोन स्पीकरांच्या खोक्यात मी रिफ्लेक्सच्या बाजूने सहज बोलेन. एकट्या छोट्या स्पीकरच्या बाबतीत नळीचे जादा लाकूड वसूल होते, आणि ते खर्जामुळे नाही, आवाजाच्या स्वच्छतेमुळे.

दुसरा आक्षेप असा, की गिळायचेच असेल तर पूर्ण बंद खोका भरणीने भरून टाका. हाही प्रामाणिक उपाय आहे. पण ७० हर्ट्झला स्वतः झुलणारा चार इंची स्पीकर, ज्याच्या झुल्याची लवचीकता आठ लिटर हवेइतकी आहे, तो सहा लिटरच्या बंद खोक्यात कोंडला की त्याचा सूर १०७ हर्ट्झवर चढतो. मग काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज नऊ-एक डेसिबल खाली जातो. यावर कोणी म्हणेल, आणि ते शास्त्राला धरूनच असेल, की मूळ सूर नसला तरी कान स्वरांशांवरून तो जुळवून घेतो. सूर ओळखायला तेवढे पुरते. खर्जाच्या तारेचे वजन, गायकाच्या पायाखालची ती सतत असणारी जमीन, कान अशी जुळवून देत नाही. तिसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. छोट्या ब्लूटूथ स्पीकरात चिप बसवून सगळे आलेख सपाट करता येतात, मग लाकडाचे कष्ट का घ्यायचे? खोक्याच्या ठरावीक घुमघुमीला उलट इक्वलायझर लावून दाबता येते हे बरोबर आहे. पण त्यासाठी प्रत्येक खोका मोजावा लागतो. कागदाचा कोन पावसाळ्यात ओल धरतो, झुला काही महिन्यांच्या वापराने सैल होतो, आणि त्याच बनावटीच्या दोन स्पीकरांत दहा टक्के फरक सहज निघतो. उगवणारच नाही असा दोष हा नंतर दाबलेल्या दोषापेक्षा केव्हाही चांगला. आणि चिपने कितीही उचलले तरी तीन मिलिमीटरचे पाच होत नाहीत.

नळीचे स्वतःचे पाप मात्र लपवून चालणार नाही. ६५ वर गाणारी नळी १९५ आणि ३२५ वरही गाते, कारण एका टोकाला बंद नळीत विषम पटी उमटतात. १९५ म्हणजे ऐन गळ्याचा प्रदेश. यावर जुना आणि पक्का उपाय असा, की स्पीकर बंद टोकावर बसवायचा नाही. बंद टोकापासून एक तृतीयांश अंतरावर तिसऱ्या पटीचा दाब शून्य असतो. तिथे बसवलेला कोन त्या पटीला ढकलूच शकत नाही. एक पंचमांशावर पाचव्या पटीचे तेच होते. म्हणून पाव ते एक तृतीयांश यांच्यामध्ये जागा धरली, की दोन्हींना आळा बसतो आणि उरलेले भरणी सांभाळते. सव्वा मीटरच्या नळीत हे अंतर ३२ ते ४१ सेंटिमीटर. घडीच्या खोक्यात स्पीकर वरच्या टोकापासून इतका खाली आला की तो बसणाऱ्याच्या कानाखाली जातो. मग खोका स्टुलावर ठेवायचा, किंवा घडीच उलटी घालायची, असा निर्णय घ्यावा लागतो. कागदावरचे गणित आणि घरातली खुर्ची यांचा मेळ घालण्यातच या कामाचा बराच वेळ जातो.

भरणी हा तर स्वतंत्र विषय आहे, आणि मी तिला लाकडाहून वरचे स्थान देतो. बेलींनी वापरलेली लांब धाग्याची लोकर उत्तम, पण आपल्या हवेत तिला कसर लागते. सावरीचा कापूस हलका असतो, हाताशी असतो, पण काही महिन्यांत दबून तळाशी गोळा होतो. साधा पिंजलेला कापूस ओल धरतो. ग्लासवूल चांगले शोषते, पण त्याचे तंतू तोंडातून घरात येण्याची भीती राहते, म्हणून ते घरातल्या खोक्यात नकोच. उशांत भरतात ते रेक्रॉन सर्वांत टिकाऊ ठरते. प्रमाण लिटरमागे ८ ते १६ ग्रॅम. बहुतेक खोक्यांत मी दहाच्या आसपास सुरुवात करतो, म्हणजे भरायचा भाग नऊ लिटर असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९० ग्रॅम. ते चिमटीने सुटे करून, फुलवून भरायचे. गोळे राहिले तर आवाज गोळ्यांच्या मधून वाट काढतो. उभ्या नळीत वरची भरणी खाली सरकते, म्हणून दर वीतभर अंतरावर मच्छरदाणीच्या कापडाची आडवी पट्टी चिकटवावी. शेवटचा एक तृतीयांश, तोंडाकडचा, मोकळा. मग इम्पीडन्सचा, म्हणजे प्रत्येक सुराला स्पीकर विजेला किती अडवतो याचा, आलेख घ्यायचा. भरणी कमी असेल तर दोन टोकदार शिखरे दिसतात आणि वाढवत जाऊ तशी ती बसत जातात. शिखरे बोथट झाली, पण दोन असल्याचे अजून कळते, तिथे थांबावे. आलेखात मध्येच एखादी बारीक सुरकुती दिसली तर कुठलीतरी फळी थरथरते आहे किंवा सांधा गळतो आहे, हे निश्चित. मधल्या फळीचा सांधा गळला तर आवाजाला आखूड वाट सापडते आणि सगळे गणित वाया जाते.

पावसाळ्याचे चार महिने इथे सांध्यांची परीक्षा घेतात. पाऊस आणि खाडीकडची खारी हवा यांत एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात. म्हणून कडा सीलर मारल्याशिवाय एमडीएफ इथे धोक्याचा, आणि बारा किंवा अठरा मिलिमीटरचा चांगला प्लाय जास्त भरवशाचा. लोक नळीच्या लांबीच्या मिलिमीटरांची मात्र उगाच काळजी करतात. वीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, बत्तीस अंशांना ३५१ च्या जवळ जातो. म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत नळीचा सूर दोन-तीन टक्के आपोआप सरकतो. स्पीकरच्या स्वतःच्या फरकापुढे तो नगण्य आहे. भरणीनेही आवाजाचा वेग थोडा उतरतो, पण 'भरणीमुळे नळी निम्मी करता येते' हे जुने विधान खोटे आहे. तंतूंनी हवेची उष्णता पूर्ण शोषली तरी वेग २९० च्या खाली जात नाही.

शेवटचा आक्षेप फुल-रेंज स्पीकरवरच आहे. एकच कोन सगळे करतो तेव्हा खर्जासाठी तीन मिलिमीटर हलणाऱ्या कागदावर गायकाचा आवाजही स्वार असतो, आणि तो हिंदकळतो. चार इंची कोन २६०० हर्ट्झच्या वर आवाज झोतासारखा पुढेच फेकू लागतो. बाजूला बसणाऱ्याला झांज-तंबोऱ्याची चमक कमी ऐकू येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीवर नळी अंशतः उतारा देते, कारण ठरलेल्या सुराजवळ कोनाचे हलणे ती कमी करते. दुसरीसाठी तीन इंची स्पीकर घ्यावा लागतो, तिथे ही मर्यादा साडेतीन हजारांवर जाते, पण मग खर्जाचा जोर घटतो. त्या बदल्यात कानाच्या सर्वांत तीक्ष्ण प्रदेशात, दोन-तीन हजार हर्ट्झला, दोन स्पीकरांचा सांधा पडत नाही आणि गळा एकाच ठिकाणाहून येतो. ज्यांना ढोल-ताशा अंगावर घ्यायचा आहे, सिनेमातले स्फोट ऐकायचे आहेत, वीस माणसांच्या पार्टीत गाणी वाजवायची आहेत, त्यांच्यासाठी हा खोका नाही. त्यांनी मोठा वूफर घ्यावा, असे मी स्पष्ट सांगतो. एका खोलीत, दोन-तीन माणसांनी, बोलण्याच्या पातळीवर, भजन, नाट्यगीत, ख्याल किंवा आकाशवाणीवरचे भाषण ऐकायचे असेल, तर मात्र याहून स्वच्छ आवाज या किमतीच्या स्पीकरमधून दुसऱ्या कुठल्याही खोक्याने काढलेला मी ऐकलेला नाही.

म्हणून खोका बनवून घ्यायला जाल तेव्हा 'बेस किती हर्ट्झपर्यंत जातो' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहून न्या. आपण रोज ऐकता त्या गायकाचे एक रेकॉर्डिंग न्या, शक्यतो ज्याच्या सुरुवातीला नुसता तानपुरा वाजतो असे. तो अर्धा मिनिट कमी आवाजात ऐका. चारही तारा वेगवेगळ्या कळल्या आणि जवारी खुली ऐकू आली, तर खोका घ्या. नाही कळल्या, तर बनवणाऱ्याला खोका उघडून भरणी दाखवायला सांगा.